आई, आपल्याकडून कुणाचं नाव सांगू?

रेवदंड्याची_लेक

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज धागा काढतेय.

मी इस्रायलमध्ये अशदोदला राहते. आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. वडील रेवदंड्याचे, मग माझगावच्या चाळीत वाढले, आणि मी दोन वर्षांची असताना सगळं बिऱ्हाड इकडे आलं. घरात अजून मराठी आहे. म्हणजे मी मराठीत ओरडते आणि मुलगा हिब्रूत उत्तर देतो, तेवढी आहे.

मुलगा अकरावीत आहे. इथे ज्यू पंचांगातल्या निसान महिन्याच्या २७ तारखेला योम हाशोआ पाळतात, म्हणजे शोआमध्ये (नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारात) मारल्या गेलेल्यांचा स्मृतिदिन. सकाळी १० ला देशभर भोंगा वाजतो, पूर्ण २ मिनिटं. हमरस्त्यावरच्या गाड्या थांबतात, माणसं दार उघडून बाहेर उभी राहतात. एका वर्षी मी मंडईत होते. भाजीवाल्याने कोथिंबीर तोलायला घेतलेली, तो तसाच हात वर धरून उभा राहिला. भोंगा थांबल्यावर म्हणाला, साडेतीन शेकेल.

तर शाळेतल्या कार्यक्रमासाठी मोराने, म्हणजे बाईंनी, सांगितलं की प्रत्येकाने आपल्या घराण्यातल्या, शोआमध्ये मारल्या गेलेल्या एका माणसाचं नाव आणायचं. नाव, वय, गाव. मेणबत्ती लावताना ते वाचायचं. वर्गातल्या काही मुलांकडे अशी अकरा-अकरा नावं आहेत. माझ्या मुलाने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारलं, "आई, आपल्याकडून कुणाचं नाव सांगू?"

आपल्याकडून कुणीच नाही. त्या वर्षांत आपली माणसं अलिबाग-पेण-मुंबईत नोकऱ्या करत होती, रेल्वेत, गोदीत, पलटणीत. हिंदुस्थानात आपल्याला ज्यू म्हणून कुणी कधी हात लावला नाही, हे आजी अभिमानाने सांगायची. आणि मी त्याच्यासमोर ओशाळले. आपल्या घरातलं कुणी मारलं गेलं नाही म्हणून ओशाळले! मग त्या ओशाळण्याचीच लाज वाटली, ती वेगळी.

पुढे शाळेची पोलंडची सहल आहे, जिथे हा संहार झाला त्या जागा बघायला. तिथे तो काय बघणार आहे ते मला माहीत आहे, पण तो ते कुणाचं म्हणून बघणार आहे ते माहीत नाही. तुम्ही मुलांशी या विषयावर कसं बोललात? कुठून सुरुवात केलीत? शिक्षक मंडळी, ज्यू, बिगरज्यू, सगळ्यांनी लिहा.

---

सरळसोट

ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. ८० वर्षं झाली. सोळा वर्षांच्या पोराला गॅस चेंबर दाखवून काय साधायचंय? आमच्या आजोबांनी प्लेगमध्ये दोन भाऊ गमावले, आम्हाला कुणी दरवर्षी मेणबत्ती लावायला लावली नाही. मुलांना हसू द्या.

---

ठाणेकर_शालोम

@सरळसोट, प्लेगने कुणाची यादी करून, घराची घंटा वाजवून, आगगाडीचं वेळापत्रक आखून माणसं नेली नव्हती. एवढाच फरक, पण तेवढ्यासाठीच शिकवावं लागतं.

लेकी, मी ठाण्यात आमच्या मुलांचा रविवारचा वर्ग घेतो. ठाण्याचं शाआर हाशामायीम सिनेगॉग १८७९ चं. एकेकाळी अंगण भरून मुलं असायची, आता वर्गात नऊ आहेत आणि त्यातले तीन क्रिकेट असलं की येत नाहीत.

भारतात आमची अडचण तुझ्या उलट आहे. तिथे सगळा देश उभा राहतो, इथे वर्गातला मित्र सहज म्हणतो, "आपल्याला हिटलरसारखा माणूस पाहिजे, सरळ होतील सगळे." त्याच्या मनात ज्यूंविषयी काहीच नसतं. त्याला माहीतच नसतं. फुटपाथवर हिटलरचं आत्मचरित्र व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांच्या शेजारी मांडलेलं असतं. २००६ साली नवी मुंबईत एका उपाहारगृहाला हिटलरचं नाव दिलं होतं, आत चित्रबित्र लावून. मुंबईतल्या आपल्या लोकांनी जाऊन समजावल्यावर त्यांनी ते बदललं. तेव्हा माझ्या वर्गातल्या मुलीने विचारलं होतं, "सर, मी कॉलेजात सांगू का मी कोण आहे?" त्या दिवशी धडा बाजूला ठेवला आणि तेवढ्यावरच बोललो.

एक चूक सांगतो. फार वर्षांपूर्वी एका शिबिरात (कुठलं ते जाऊ दे) कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की मुलांना "अनुभव" द्यायचा. नाझी ज्यूंना लावायला लावत तशा पिवळ्या चांदण्या दंडाला बांधल्या, अंधाऱ्या खोलीत दाटीवाटीने बसवलं, बाहेरून दारावर काठ्या आपटल्या. दहा वर्षांचा एक मुलगा ओकला. बाकीचे खिदळत होते. कुणालाही काही कळलं नाही, फक्त त्या मुलाला महिनाभर दिवा लावून झोपावं लागलं. मीही तिथे उभा होतो आणि थांबवलं नाही.

नंतर याद वाशेमच्या, म्हणजे जेरुसलेममधल्या शोआ स्मारकाच्या, शिक्षकांची पद्धत वाचली तेव्हा कान धरले. त्यांचं म्हणणं असं की मुलाला आत न्यायचं ते सुखरूप, आणि बाहेर आणायचं तेही सुखरूप. सोंगं घ्यायला लावायची नाहीत. लहानांना प्रेतांचे फोटो दाखवायचे नाहीत. आधी त्या माणसांचं युद्धापूर्वीचं घर दाखवायचं, शाळा, भांडणं, सणवार. वयाप्रमाणे तोच विषय परत परत, दर फेरीला थोडा खोल. लहान मुलांना एकाच माणसाची गोष्ट सांगायची, आणि ती अशी की जो वाचला.

---

कोरा_कागद

छान धागा. ताई, मुलाला आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची गोष्ट सांगा ना. तिथे पोलंडचे ज्यू निर्वासित ठेवले होते.

---

इतिहासाची_वही

@कोरा_कागद, दुरुस्ती. वळिवड्याला १९४३ ते १९४८ मध्ये सुमारे ५ हजार पोलिश बायकामुलं होती, पण ती बहुतेक कॅथलिक. त्यांना नाझींनी नव्हे, सोव्हिएतांनी पोलंडच्या पूर्व भागातून उचलून सायबेरिया-कझाकस्तानात नेलं होतं. गोष्ट मोठीच आहे, पण ही ती नव्हे. मुलांना चुकीचा दाखला दिला आणि तो त्यांनी पुढे तपासला, की खऱ्यावरचाही विश्वास उडतो.

नाझींपासून पळून आपल्याकडे आलेले ज्यू हवे असतील तर आकाशवाणीची सकाळची ती संकेतधून आठवा. तिचं श्रेय वॉल्टर कॉफमन यांना दिलं जातं. कार्ल्सबादचा ज्यू संगीतकार, १९३४ मध्ये मुंबईत आला. अर्ध्या महाराष्ट्राने ती धून ऐकत दात घासले असतील. गंमत म्हणजे असे जे जर्मन-ऑस्ट्रियन ज्यू आले, त्यांच्यातल्या कित्येकांना १९३९ मध्ये इंग्रजांनी "शत्रुराष्ट्राचे नागरिक" म्हणून नगरला डांबलं. हिटलरपासून पळालेल्यांना हिटलरचे म्हणून!

ताई, मी पुण्यात नववी-दहावीला इतिहास शिकवते. ज्यू नाही. आपल्या पुस्तकात हा विषय जेमतेम काही ओळींचा, त्यामुळे मी माझा तास चोरून घेते. मी सुरुवात टागोरांपासून करते.

वॉर्सामध्ये यानुश कोर्चाक नावाचे डॉक्टर होते, ज्यू अनाथाश्रम चालवायचे. आश्रमात मुलांचं न्यायालय होतं, आणि मुलं खुद्द कोर्चाकांवरही खटला भरू शकत. वस्तीभोवती भिंत बांधून ज्यूंना कोंडलं तेव्हा आश्रमही आत हलवावा लागला. १८ जुलै १९४२ ला त्यांनी मुलांकडून नाटक बसवून घेतलं, रवींद्रनाथांचं 'डाकघर'. खिडकीशी बसलेला आजारी अमल, राजाच्या पत्राची वाट बघणारा. हेच नाटक का, असं विचारल्यावर मुलांना मृत्यूला सामोरं जायला शिकवायचंय, अशा अर्थाचं काहीतरी ते म्हणाल्याचं सांगतात. चार दिवसांनी, २२ जुलैला, वॉर्सातून माणसं ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत न्यायला सुरुवात झाली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुमारे २०० मुलांबरोबर कोर्चाकही गेले. त्यांना स्वतःला सुटायची संधी लोकांनी देऊ केली होती, ती त्यांनी घेतली नाही.

माझ्या वर्गात हे सांगताना कुणी रडत नाही. मुलं विचारतात, "अमलचं काम कुणी केलं? दहीवाला कोण झाला होता?" मला हाच प्रश्न हवा असतो. आकड्याला कुणी असं विचारत नाही.

दुसरी गोष्ट तेरेझिनची, नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या चेक गावाची. तिथे फ्रीडल डिकर-ब्रँडाइस नावाच्या चित्रकार बाई मुलांना गुपचूप चित्रकला शिकवायच्या. प्रत्येक चित्रावर मुलाला स्वतःचं नाव लिहायला लावायच्या. १९४४ च्या ऑक्टोबरात त्यांना ऑशविट्झ-बिर्केनाउच्या मृत्युछावणीत नेलं, त्याआधी सुमारे साडेचार हजार चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून ठेवलेली होती. ती मिळाली, मुलं बहुतेक मिळाली नाहीत. तिथलाच पेत्र गिंझ. मुलांच्या हस्तलिखित साप्ताहिकाचा संपादक, १६ व्या वर्षी ऑशविट्झला मारला गेला. त्याने चंद्रावरून पृथ्वी कशी दिसेल याचं चित्र काढलं होतं. इलान रामोन हा इस्रायली अंतराळवीर त्याची प्रत बरोबर घेऊन गेला. यान कोलंबिया, सहप्रवासी कल्पना चावला. १ फेब्रुवारी २००३, ज्या सकाळी ते यान कोसळलं, त्या दिवशी पेत्र ७५ वर्षांचा झाला असता.

हे सांगितल्यावर मात्र वर्ग गप्प होतो. कल्पना चावला त्यांची असते.

---

सरळसोट

डाकघरचं माहीत नव्हतं. वाचतोय.

---

रेवदंड्याची_लेक

वहीताई, काल मुलाला कल्पना चावलाचं सांगितलं. इलान रामोन त्याला शाळेमुळे पाठ आहे, शेजारची "ती हिंदी बाई" कोण हे त्याने पहिल्यांदा नीट ऐकलं.

शालोमकाका, तुमच्या त्या ओकलेल्या मुलाबद्दल वाचून मला माझ्या आजीचा बिरड्याचा रोजा आठवला. इतर वाचकांसाठी: आव महिन्याच्या नवमीला जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं, त्याचा उपास. जगभरचे ज्यू त्याला तिशा बेआव म्हणतात. कोकणात आपल्याला हिब्रू नावं ठाऊक नव्हती, त्या दिवशी वालाचं बिरडं करतात म्हणून नाव पडलं बिरड्याचा रोजा. आजी जमिनीवर बसून वाल सोलायची आणि बोलायची नाही. आम्हा मुलांना एवढंच कळायचं की आज काहीतरी फार जुनं मोडलंय. कुणी घाबरवलं नाही.

आणि खरं तर आपली सुरुवातच पळून येण्याची ना? गालीलमधल्या जुलमातून निघालेलं जहाज नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटलं, सात बायका सात पुरुष वाचले. नवगावचं ते दफनस्थान मुलाला दाखवलंय मी. पण त्याला ती परीकथा वाटते. शोआ त्याला खरी वाटते, कारण तिचे फोटो आहेत.

शब्दाबद्दल अवांतर. होलोकॉस्टचा मूळ ग्रीक अर्थ पूर्ण जाळलेली आहुती. आहुती कुणीतरी देवाला वाहतं. इथे कुणी काही वाहिलं नव्हतं. म्हणून इकडे शोआच म्हणतात, म्हणजे नुसता विनाश.

---

पणजीचो_पाव

तुमकां एक आमच्या गोंयची काणी सांगतां. आता मराठीत.

पणजीच्या चर्चसमोर पालिकेचा बाग आहे, जुनं नाव गार्सिया द ओर्ता. लहानपणी तिथे आईस्क्रीम खाताना हा कुणीतरी पोर्तुगीज फुलझाडवाला असणार असं मला वाटायचं. तो वैद्य होता. १४९२ ला स्पेनने ज्यूंना हाकललं तेव्हा त्याचे आईबाप पोर्तुगालला आले, १४९७ ला तिथे सगळ्यांना जबरदस्तीने बाटवलं. गार्सिया १५३४ ला गोव्यात आला. हिंग, आंबा, फणस, कॉलरा, सगळ्यावर त्याने ग्रंथ लिहिला, १५६३ ला गोव्यातच छापला. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे भाड्याने होतं, तुमच्या टाउन हॉलच्या मागे त्याचा वाडा होता.

१५६० ला गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं. गार्सिया १५६८ ला मेला, अंथरुणात. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुपचूप ज्यू धर्म पाळते म्हणून गोव्यात जिवंत जाळलं. एवढ्यावर भागलं नाही. १५८० ला गार्सियाची हाडं थडग्यातून उकरून जाळली. मेलेल्याला शिक्षा.

नंतर त्या दरबाराची झळ हिंदूंना आणि बाटलेल्यांना जास्त लागली, ते १८१२ पर्यंत चाललं. पण सुरुवातीच्या काळातल्या बळींमध्ये ही ज्यू मूळ असलेली मंडळी होती. तेव्हा ताई, "आपल्याकडे कुणी हात लावला नाही" हे तुमच्या रेवदंड्याच्या आजीपुरतं खरं, अख्ख्या किनाऱ्यापुरतं नाही. चौलचा कोटही पोर्तुगीजांचाच होता, तुमच्या रेवदंड्यातच.

माझी भाची वास्कोला शिकते, तिला बागेचं नाव माहीत, कातारिनाचं नाही.

---

जुना_मोहल्ला

बाळ, तू मुलांना छळाबद्दल शिकवायचं म्हणतेस. मग आमचंही सांग.

मी ७१ वर्षांचा. आम्ही मशीद बंदरच्या इस्रायल मोहल्ल्यातून १९६१ ला बीरशेबाला आलो. पुढच्या वर्षी धर्मपीठातल्या वरिष्ठांनी फर्मान काढलं की बेने इस्रायलींचं लग्न दुसऱ्या ज्यूशी लावायचं असेल तर आई, आजी, पणजी अशी मागपर्यंत चौकशी करा, या लोकांत मिसळ झाली असेल. दोन हजार वर्षं शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवला म्हणून कोकणात ज्यांना शनवार तेली म्हणत, त्यांना इथे येऊन ज्यूपणाचा दाखला मागितला! १९६४ च्या उन्हाळ्यात आपले लोक जेरुसलेमला जाऊन बसले, बायकामुलांसकट. वडिलांनी मला खांद्यावर घेतलेलं आठवतं, आणि सतरंजीवर एका बाईने पोळीत गूळ गुंडाळून हातात दिला होता तो. ऑगस्टमध्ये संसदेने ठराव केला, बेने इस्रायली सर्वार्थाने ज्यू आहेत असा. तेव्हा कुठे मिटलं.

याची शोआशी तुलना करत नाही. करेल त्याच्या कानाखाली देईन. पण हे नातवाच्या पुस्तकात मला दिसलं नाही, ते घरीच सांगावं लागलं.

आणि दुसरं. शोआतून वाचून आलेल्यांनाही या देशाने पहिली काही वर्षं धड ऐकून घेतलं नाही. त्यांना "साबोन" म्हणत. साबोन म्हणजे साबण. आमच्या इमारतीत खाली एक रुमानियन म्हातारा शिंपी होता, उन्हाळ्यातही पूर्ण बाह्या. पोरं त्याला तसं हाक मारून पळायची. मीही पळालोय. १९६१ ला आइकमन या नाझी अधिकाऱ्यावर ज्यूंच्या संहाराबद्दल खटला चालला, शंभराहून जास्त साक्षीदार बोलले, रेडिओवर सगळा देश ऐकत होता. त्यानंतर त्याला साबोन म्हणायचं बंद झालं. मी मात्र त्याची माफी मागितली नाही. तो १९७० मध्ये गेला.

तुझ्या मुलाला हेही सांग. छळ झालेल्याला पोरं चिडवतात, आणि ती पोरं आपलीच असतात.

---

ठाणेकर_शालोम

काका, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत. मागे ठाण्याला आला होतात तेव्हा दोन तास फक्त बोंबलाबद्दल बोललात.

---

जुना_मोहल्ला

बोंबील इथे मिळत नाहीत.

---

निळी_छत्री

मी २२ वर्षांची, जन्म पुण्याचा, दहाव्या वर्षी लोदला आले. पोलंडला जाऊन आलेय, म्हणून लिहिते. मराठी कच्चं आहे, सांभाळून घ्या.

ताई, या सहली १९८८ पासून सुरू आहेत. आठ दिवस, बसमध्ये निळ्या-पांढऱ्या झेंड्यांचे गठ्ठे, सोबत मदरिख म्हणजे मार्गदर्शक, आणि असला तर एक साक्षीदार, स्वतः तिथून वाचलेला. आमच्या गटात होत्या एक आजी, ९० च्या पुढच्या. आता त्या नाहीत. पुढच्या गटांना बहुतेक कुणी नसेल, व्हिडिओ असेल.

मला सगळ्यात आधी तिकोचिन आठवतं. छोटं गाव, १६४२ चं सिनेगॉग, भिंतींवर हिब्रू प्रार्थना रंगवलेल्या, कारण पुस्तकं महाग होती. आमच्यातल्या मुलांनी तिथे गाणी म्हटली, नाचली. मग बस दहा मिनिटं गेली आणि लोपुखोवोचं जंगल आलं. १९४१ च्या ऑगस्टमध्ये दोन दिवसांत त्या गावातल्या ज्यूंना तिथे नेऊन गोळ्या घातल्या. गॅस नाही, छावणी नाही, आकडा गोंदवणं नाही. घरातून जंगलात, बस.

आणि मला तिथे भूक लागली होती. खूप. माझ्या मैत्रिणी एकमेकींना धरून रडत होत्या आणि माझ्या डोक्यात सँडविच. मला वाटलं मी हिंदी आहे म्हणून मला रडू येत नाही, हे माझं नाहीच. मदरिखाला सांगितलं. तो म्हणाला, "खा. इथे रडण्याची परीक्षा नाही." मग तो स्वतःही खायला बसला. त्याचे आजोबा त्रिपोलीचे होते, त्याच्याही घरी पोलंडचं कुणी नव्हतं.

न आवडलेलं पण सांगते. काही मुलं झेंडा अंगाला गुंडाळून फोटो काढतात, संध्याकाळी हॉटेलात दंगा. एका मुलाने रस्त्यावरच्या पोलिश म्हातारीकडे बोट दाखवून "हीसुद्धा त्यातलीच" म्हटलं. तिची चूक काय, वय एवढंच. शिक्षक ओरडले पण उशिरा. आणि पैसे. आमच्या इमारतीतल्या दोघी पैशांमुळे आल्या नाहीत. त्यांनी त्या आठवड्यात "झिकारोन बासालोन" केलं, म्हणजे कुणाच्या तरी दिवाणखान्यात वीसेक माणसं बसतात, एक साक्षीदार बोलतो, मग सगळे बोलतात. चहा असतो. मला ते सहलीपेक्षा जास्त चालतं. ताई, तुमच्या घरी करा ना. बेने इस्रायली घरात कुणी केलेलं मी बघितलं नाही.

ट्रेब्लिंकाला काहीच उरलेलं नाही. नाझींनी सगळं पाडून वर शेतं केली होती. १७ हजार दगड उभे केलेत, काहींवर गावांची नावं. माणसाचं नाव फक्त एका दगडावर आहे. यानुश कोर्चाक आणि मुलं.

---

कोरा_कागद

एक विचारू का? कदाचित आवडणार नाही. जी मुलं इतकं सगळं शिकतात, ती पुढे सैन्यात जातात. गाझातली मुलंही मुलंच. त्यांच्याबद्दल वर्गात काही बोलतात का?

---

संपादक

प्रश्न विषयाला धरून आहे म्हणून ठेवला आहे. याखालचे १४ प्रतिसाद उडवले. ताईंनी उत्तर दिलं तर तेवढं राहील, युद्धावर भांडायला दुसरा धागा आहे.

---

रेवदंड्याची_लेक

@कोरा_कागद, आवडला नाही, पण उत्तर देते. मोठा मुलगा सैन्यात आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये अशदोदला जिन्याखाली बसून मी रॉकेटं मोजलीत, म्हणून मला हे थंड डोक्याने लिहिता येत नाही.

शाळेत बोलतात का? काही शिक्षक बोलतात, बरेच टाळतात, कारण पालक दुसऱ्या दिवशी दारात. धाकट्याने मात्र जेवताना विचारलं होतं, "पुन्हा कधीच नाही, हे फक्त आपल्यासाठी का?" नवऱ्याने पाण्याचा ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, "नाही." मोठा ताटावरून उठला. दोन दिवस भावाभावांत अबोला होता. तो वाद आमच्या घरात मिटलेला नाही, इथे मी तो मिटवून दाखवणार नाही.

वंशसंहार या शब्दाचा मूळ इंग्रजी शब्द ज्याने १९४४ मध्ये घडवला तो राफाएल लेमकिन पोलिश ज्यू वकील होता. आर्मेनियन लोकांचं काय झालं ते वाचून तरुणपणीच त्याच्या डोक्यात विषय शिरला होता. त्याचे स्वतःचे जवळजवळ सगळे नातेवाईक नंतर मारले गेले. मुलाच्या वहीत हे मी लिहून दिलंय. पुढचं त्याने वाचावं.

---

इतिहासाची_वही

ताई, तुमचा मूळ प्रश्न राहूनच गेला. कुणाचं नाव?

एक सुचवते, पटलं तर घ्या. वॉर्साच्या त्या कोंडवाड्यात इमानुएल रिंगेलब्लुम नावाच्या इतिहासकाराने गुप्त संग्रह चालवला होता. लोकांकडून टिपणं, शाळकरी मुलांचे निबंध, रेशनची कार्डं, ट्रामची तिकिटं, चॉकलेटच्या चांद्या, सगळं जमवायचे. उद्या आपण नसलो तर आपल्याबद्दल मारणाऱ्यांच्या कागदांतूनच कळेल, ते होऊ द्यायचं नाही, अशी धडपड. १९४२ च्या ऑगस्टच्या सुरुवातीला, माणसं ट्रेब्लिंकाला जात असताना, पहिला हिस्सा पत्र्याच्या दहा पेट्यांत भरून नोवोलिप्की रस्त्यावरच्या एका शाळेच्या तळघरात पुरला. पुरणारे कोण? एक शिक्षक आणि त्यांचे दोन माजी विद्यार्थी. दावीद ग्राबर १९ वर्षांचा. नाहुम ग्झिवाच १८ वर्षांचा.

पेटी बंद करण्याआधी दोघांनी एकेक चिठ्ठी आत टाकली. नाहुम लिहित असतानाच आईवडील राहतात त्या घराला वेढा पडल्याची बातमी आली. मी धावत जाऊन बघतो ते ठीक आहेत का, माझं काय होईल ठाऊक नाही, असं लिहून शेवटी त्याने लिहिलं: लक्षात ठेवा, माझं नाव नाहुम ग्झिवाच.

१९४६ मध्ये त्या पेट्या ढिगाऱ्याखालून काढल्या. दुसरा हिस्सा दुधाच्या दोन कॅनमध्ये होता, तो १९५० ला मिळाला. दोन्ही मुलं वाचली नाहीत.

तुमचा मुलगा १६ चा ना? मग हा दोनच वर्षांनी मोठा. आणि घराण्यातला नसला तरी त्याने स्वतःहून सांगून ठेवलंय.

---

सरळसोट

(काही लिहायचं नाही. फक्त वाचलं म्हणून सांगतो. आजोबांच्या त्या दोन भावांची नावं आज काकांना फोन करून विचारली. एक बाबू, एक धोंडू. एवढंच त्यांना माहीत.)

---

रेवदंड्याची_लेक

उशिरा लिहितेय, क्षमस्व.

कार्यक्रम झाला. मुलाने आधी कुरकुर केली, "मोरा म्हणेल की हा तुमचा नाही." मी म्हटलं, विचार तिला. मोरा म्हणाली, नाव घे. याद वाशेमच्या यादीत ४८ लाखांहून जास्त नावं जमलीत, पण त्यातल्या कित्येकांची नावं घ्यायला घरचं कुणीच उरलेलं नाही.

त्याने दोन नावं वाचली. पहिलं, नाहुम ग्झिवाच, १८ वर्षं, वॉर्सा. ग्झिवाच म्हणताना अडखळला, आदल्या रात्री आरशासमोर वीसदा म्हणूनही. दुसरं मला न सांगता घेतलं होतं. कातारिना द ओर्ता, गोवा, १५६९. वर्गात कुजबुज झाली. एका मुलीने विचारलं की गोव्यात पार्ट्या असतात ना? पाववाले दादा, तुमच्या भाचीला सांगा.

मोहल्लाकाका, तो तुमच्या शिंप्याबद्दल विचारत होता, त्याचं नाव काय होतं. आठवत असेल तर कळवा.

सहल पुढच्या वर्षावर गेली. छत्री, तुझं ऐकून दिवाणखान्यातलं करून बघणार आहे, आव नवमीच्या आदल्या रविवारी. सतरा माणसं होतील, खुर्च्या नऊ. साक्षीदार आजी नेतान्याहून येणार आहेत, त्यांना तिखट चालत नाही. तेव्हा सुगरणींनो, मिरची न घालता बिरडं कसं करता? आणि इथल्या उन्हाळ्यात वालाला मोड यायला रात्रभर पुरतं का?

---

ठाणेकर_शालोम

बायको सांगतेय: रात्रभर भिजव, सकाळी उपसून फडक्यात बांध, इथे दीड दिवस लागतो, तुमच्याकडे एक पुरेल. सोलताना कोमट पाण्यात टाक, सालं सुटतात. मिरचीऐवजी आलं आणि नारळाचं दूध जास्त घाल. आणि मुलाला सोलायला बसव.

---

जुना_मोहल्ला

शिंप्याचं नाव मोरित्स. आडनाव पाटीवर होतं, आठवत नाही. इमारत अजून आहे. रविवारी जाऊन बघतो.